गोवा जनमत कौल, १९६७
गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित ठेवावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी झालेले मतदान. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी आधीच राजीनामा दिला होता. विलीनीकरणाची निशाणी फूल, तर विरोधकांची दोन पाने. बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष फुलामागे, जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोअन्स पक्ष पानांमागे होता.

केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१, विलीनीकरणासाठी १,३८,१७० मते पडली, अंतर ३४,०२१. सासष्टीने विलीनीकरण साफ झिडकारले. पेडण्याने उचलून धरले. मडगावात जल्लोष झाला, विलीनीकरणवाद्यांच्या पदरी निराशा आली. ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने मराठीतूनच विलीनीकरणाविरुद्ध मोहीम चालवली, ही या लढ्यातील खरी गंमत.

निकालाचा राग मतदारांनी बांदोडकरांवर काढला नाही. काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्यांचाच पक्ष जिंकला आणि ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले.