तळटीप २३ : सुकी गोदी
२३. सुकी गोदी : येथे मुंबई बंदरातील ह्यूजेस ड्राय डॉक अभिप्रेत आहे, सुमारे १,००० फूट लांबीची ही गोदी अलेक्झांड्रा (आजच्या इंदिरा) गोदीबरोबर १९१४ मध्ये खुली झाली. पाणी उपसून जहाज ठोकळ्यांवर टेकले की मालकाचा सुपरिंटेंडंट आणि वर्गीकरण संस्थेचा सर्व्हेअर पत्र्याची उरलेली जाडी ध्वनिलहरींच्या मापकाने मोजवून घेतात, मर्यादेपलीकडे झिजलेला भाग खडूने आखून देतात आणि तेवढा कापून त्याच प्रतीचा नवा पत्रा जोडवून घेतात. ‘पाणी सोडण्याआधीची सही’ ही त्यातली सर्वांत जबाबदारीची पायरी होय, कारण जहाज तरंगू लागल्यावर पाण्याखालचे वेल्डिंगचे सांधे बाहेरून नीट तपासता येत नाहीत आणि राहून गेलेल्या दोषाची जोखीम खलाशांच्या जिवावर येते.