फेस काढणारे यंत्र : प्रोटीन स्किमरचा इतिहास

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे आणि प्रवाळ जी घाण सोडतात, ती कुजण्याआधीच फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या उपकरणाला प्रोटीन स्किमर म्हणतात. एक उभी नळी, तिच्यात खालून सोडलेले बारीक बुडबुडे आणि माथ्यावर फेस साचायला एक कप, एवढीच त्याची रचना. विष्ठा, अंगावरचा बुळबुळीत स्राव आणि उरलेले खाद्य यांतून पाण्यात प्रथिने व स्निग्ध पदार्थ विरघळतात. त्यांच्या रेणूचा एक भाग पाण्याला धरून राहतो, दुसरा पाण्यापासून दूर जाऊ पाहतो. असे रेणू हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे, म्हणजे बुडबुड्याच्या पृष्ठभागावर, चिकटतात आणि त्याच्याबरोबर वर चढतात. गुऱ्हाळात उकळत्या रसावर आलेली मळी काढून टाकतात, तसेच हे काम. फक्त येथे उष्णतेची जागा हवा घेते.

हे यंत्र गोड्या पाण्यात जवळजवळ निरुपयोगी ठरते. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि झटकन वर येऊन फुटतात. समुद्राच्या पाण्यातले क्षार त्यांना मिसळू देत नाहीत, म्हणून तेथे बुडबुडे बारीक राहतात आणि पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. खवळलेल्या समुद्राच्या काठाला पिवळट, चिकट फेसाचे थर साचतात, त्यामागेही हीच क्रिया असते. तरीही ती टाकीत आणायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

1846 मध्ये ॲना थिन या इंग्लिश बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला नेले. प्रवासात ते आपटू नयेत म्हणून त्यांनी ते सुईदोऱ्याने एका स्पंजावर टाचून घेतले होते. लंडनमध्ये समुद्राचे ताजे पाणी मिळणे कठीण होते, तेव्हा आहे तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात पुन्हा पुन्हा ओतून त्यात हवा मिसळली जाई. हे काम घरातल्या मोलकरणीकडे होते आणि रोज अर्धा-पाऊण तास चाले. पुढे थिनबाईंनी भांड्यांत समुद्री वनस्पती सोडल्या आणि प्रवाळ जवळपास तीन वर्षे जगवले. ते पाणी किती वेळा फेसाळले असेल आणि तो फेस पुन्हा त्याच पाण्यात विरला असेल! फेस बाजूला काढण्याची कल्पना मात्र त्या काळी कोणाच्याच विचारात नव्हती.

त्या वेळच्या विज्ञानाचा भर ‘समतोला’वर होता. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 च्या सुमारास गोड्या पाण्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून दाखवले की वनस्पती प्राणवायू पुरवतात आणि गोगलगाई कुजका भाग खाऊन टाकतात. पुढे त्यांनी खाऱ्या पाण्यावरही प्रयोग केले. 1853 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले. मग घरोघरी काचेच्या टाक्या ठेवण्याची लाट उसळली. पण वनस्पती प्राणवायू देतात, कुजणारे सेंद्रिय द्रव्य नाहीसे करत नाहीत. बैठकीच्या खोलीतल्या टाक्यांना वास येऊ लागला, पाणी पांढुरके झाले, आणि 1860 च्या दशकात ही लाट ओसरली.

सार्वजनिक मत्स्यालयांनी यावर आकाराने मात केली. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी हॅम्बुर्ग आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मत्स्यालयांत पाणी सतत फिरते ठेवले. दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा अंधारा साठा तळघरात असे आणि पाणी त्यातून पुन्हा वर चढवले जाई. अंधारात शेवाळ माजत नसे, आणि एवढ्या पाण्यात घाण विरळ होऊन जाई. उपाय उत्तम होता, पण घराच्या टेबलावर ठेवता येणारा नव्हता. छोट्या टाकीची खरी अडचण तेव्हाही हीच होती आणि आजही हीच आहे: पाणी थोडे, त्यामुळे एक मासा मेला किंवा चिमूटभर खाद्य जास्त पडले तरी सगळे बिघडते.

विसाव्या शतकात जिवाणूंची मदत घेणे सुरू झाले. वाळूखाली जाळी बसवून वाळूतून पाणी ओढले, की वाळूच्या कणांवर वाढणारे जिवाणू विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. 1960 च्या दशकात अमेरिकेत समुद्री क्षारांचे तयार मिश्रण पिशवीत मिळू लागले आणि समुद्रापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्यांनाही खारी टाकी ठेवता आली. मासे नायट्रेट बऱ्यापैकी सोसतात, पण बहुतेक प्रवाळ सोसत नाहीत. त्या काळातल्या टाक्यांत रंगीत मासे पांढऱ्या, मेलेल्या प्रवाळांच्या सांगाड्यांभोवती फिरताना दिसत, त्याचे हे एक मोठे कारण.

फेस वापरून द्रव्ये वेगळी करण्याची विद्या तोवर इतरत्र पक्की झाली होती. पृष्ठभागावर रेणू कसे जमतात याचे गणित अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड गिब्स यांनी 1870 च्या दशकात मांडले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून खाणींत फेसाच्या साहाय्याने धातुखनिज मातीपासून वेगळे केले जात होते. घरगुती टाकीत ही विद्या 1960 च्या दशकात जर्मनीत उतरली. एर्विन झांडर आणि नॉर्बर्ट तुंझे ही त्यातली दोन ठळक नावे. जिवाणूंचा गाळणा घाणीचे रूप बदलतो, स्किमर ती पाण्याबाहेर नेतो. कपातला तपकिरी, उग्र वासाचा द्रव ओतून दिला की त्यातली प्रथिने टाकीत कधीच कुजणार नसतात. खाऱ्या टाकीच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल तो हाच.

पहिले स्किमर एअर पंपावर चालत. बुडबुडे पाण्यात जास्त वेळ राहावेत म्हणून पाणी वरून खाली आणि हवा खालून वर अशी उलटी चाल ठेवलेली असे. बुडबुडे बारीक पडावेत म्हणून हवेच्या नळीच्या टोकाला सच्छिद्र दगडाऐवजी लिंडेन लाकडाचा तुकडा लावत. लाकडाची छिद्रे अगदी सूक्ष्म. पण काही आठवड्यांत ती बुजतात, बुडबुडे मोठे होतात आणि कप कोरडा राहू लागतो. हवेवर चालणारे छोटे स्किमर आजही मिळतात आणि ‘फेस येईनासा झाला’ या तक्रारीचे मूळ बहुधा त्या लाकडात असते. तो तुकडा नेमाने बदलणे हाच इलाज.

याच सुमारास, 1961 मध्ये, जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून आणलेले जिवंत खडक, भरपूर ऊन आणि थोडे बुडबुडे यांवरच त्यांच्या टाक्यांत प्रवाळ वाढत होते. जर्मन हौशी मंडळींनी या खडकांची स्किमरशी सांगड घातली. पेटर विल्केन्स यांचे 1973 चे पुस्तक आणि बर्लिनमधल्या डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टाकीत वाढलेले शाखायुक्त प्रवाळ यांमुळे ही पद्धत नावारूपाला आली. जिवंत खडक, प्रखर दिवे, चुन्याची निवळी आणि ताकदवान स्किमर ही तिची चार अंगे. तिला बर्लिन पद्धत म्हणतात.

अमेरिकेने आधी दुसरी वाट धरली. 1986 पासून तेथे प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकवणारे गाळणे लोकप्रिय झाले. अमोनिया त्यात चटकन संपे, नायट्रेट मात्र चढतच जाई. नव्वदच्या दशकात लोकांनी ते गोळे काढून टाकले आणि त्या जागी स्किमर बसवले. विरोधी मतेही होती. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांचा भर शेवाळाच्या गालिच्यावर पाणी शुद्ध करण्यावर होता, तर मोनॅकोत जाँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवून नायट्रेट घटवले. स्किमर बारीक प्लवकही ओढून नेतो, हा एडी यांचा आक्षेप आजही दखल घेण्याजोगा आहे.

पुढची स्पर्धा होती ती बुडबुडे करण्याच्या युक्तीची. व्हेंचुरी स्किमरमध्ये नळीच्या अरुंद भागातून पाणी वेगाने जाते आणि हवा आपोआप ओढली जाते. त्याच्या हवेच्या तोंडाशी मीठ साचते. आवाज बदलला, फेस पातळ झाला, की नळीतून कोमट गोडे पाणी सोडावे. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. बागेतल्या कारंज्यासाठी बनलेली बेकेट नावाची तोटी हौशी लोकांनी स्किमरला बसवून पाहिली आणि ती फार प्रभावी ठरली, पण तिला दांडगा पंप लागे. अखेर टिकली ती काटेरी चक्राची रचना. पंपाच्या पंख्याला पात्यांऐवजी सुयांसारखे काटे असतात. तेच हवा ओढतात आणि तिचा चुरा करतात. वीज कमी लागते, आवाज कमी होतो आणि यंत्र लहान करता येते. टाकीच्या मागच्या कप्प्यात मावणारे आजचे बरेच स्किमर याच घराण्यातले आहेत.

या घराण्याचा नाजूक भाग म्हणजे बाहेरच्या पाण्याची पातळी. कप्प्यातले पाणी बाष्पीभवनाने बोटभर उतरले, तर फेस कपाखालच्या नळीच्या मानेपर्यंत पोहोचत नाही. गोडे पाणी घालून पातळी चढली, तर कप भरून वाहतो. म्हणून छोट्या टाकीसाठी निवड करताना ‘इतक्या लिटरच्या टाकीला पुरेल’ या दाव्याआधी पाहावे ते कप्प्याची पातळी कितपत स्थिर राहते ते. नवा स्किमर पहिले काही दिवस वेड्यासारखा फेसाळतो किंवा मुळीच फेसाळत नाही, कारण कारखान्यातला तेलकट थर अजून धुतला गेलेला नसतो. तेलकट खाद्य टाकल्यावर किंवा टाकीत हात घातल्यावर फेस काही तास बसतो. पाण्यात घातलेली काही औषधे आणि खडक जोडायचा ताजा इपॉक्सी यांनी उलट कप उतू जातो. यांतल्या कशालाही यंत्र बदलावे लागत नाही. मानेतला चिकट थर मात्र दर दोन-चार दिवसांनी पुसावा लागतो, कारण वर चढणारा फेस त्यालाच अडून फुटतो.

स्किमर नेमके काढतो किती, याचे मोजमाप बऱ्याच उशिरा झाले. 2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांच्या चमूने वेगवेगळे स्किमर तपासले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 30 टक्केच त्यांना काढता येत होता, आणि महाग व स्वस्त यंत्रांतला फरक जाहिराती सांगत तेवढा नव्हता. कपातल्या घन गाळात कॅल्शियम कार्बोनेट आणि सिलिका यांसारख्या असेंद्रिय पदार्थांचाही मोठा वाटा निघाला.

या निष्कर्षांमुळे छोट्या टाकीत स्किमरचे स्थान काय, हे अधिक स्पष्ट झाले. साठ-सत्तर लिटरच्या आतल्या टाकीत दर आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदलले, तर घाणही निघते आणि कमी झालेले क्षारही भरून येतात. तेथे स्किमर नसला तरी चालते. त्याहून मोठ्या टाकीत, किंवा मासे जास्त आणि खाद्य भरपूर असेल तेथे, तो पाणी बदलण्याचे ओझे हलके करतो. शिवाय पाण्यात सतत हवा मिसळत राहतो. मे महिन्यात मुंबईसारख्या ठिकाणी पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि तेव्हा हा दुसरा लाभ पहिल्याइतकाच मोलाचा असतो.