लोणारची वेडी बाभूळ : पान, डहाळी आणि फुलोरा यांची साक्ष

१/ बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे आघाती विवर, त्यातील खारे सरोवर आणि काठावरची मध्ययुगीन मंदिरे सर्वांना परिचित आहेत. मंदिरांना वेढणारे काटेरी रानही तितकेच प्राचीन असावे, असा समज सहज होतो. त्या रानात माजलेली वेडी बाभूळ मात्र भारतात येऊन जेमतेम दीडशे वर्षे झाली आहेत.

२/ तिचे शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग ही तिची मायभूमी. ताम्रपटाचा काळ अक्षरवटिकेवरून ठरवतात. भूदृश्याचा काळ ठरवायचा तर आधी झाड ओळखता आले पाहिजे. येथे गल्लत होते ती दोन देशी झाडांशी : बाभूळ आणि शमी.

३/ पहिली साक्ष पानाची. तिन्ही झाडांची पाने संयुक्त, पिसांसारखी. देशी बाभळीच्या पानाच्या मधल्या देठावर पिसांच्या साधारण तीन ते आठ जोड्या असतात आणि पर्णिका अगदी बारीक, तीन ते सहा मिलिमीटरच्या. वेडीच्या पानाला बहुधा एक ते तीनच जोड्या असतात. पर्णिका लांबट आणि ठळक असतात. जोड्या मोजल्या की बाभूळ वेगळी पडते.

४/ शमी मात्र या कसोटीवर वेगळी पडत नाही. तिच्या पानालाही एक ते तीनच जोड्या. म्हणून दुसरी साक्ष डहाळीची. वेडीची कोवळी डहाळी पेरापेराला दिशा बदलत नागमोडी जाते आणि तिचे लांब, सरळ काटे पेरावरच, पानाच्या बगलेत, एकेकटे किंवा जोडीने येतात. शमीचे काटे आखूड, बुडाशी रुंद आणि दोन पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात.

५/ तिसरी साक्ष फुलोऱ्याची. देशी बाभळीची फुले म्हणजे सोनपिवळे, सुवासिक, गोल गोंडे. वेडीचा फुलोरा लांबट तुऱ्यासारखा, फिकट हिरवट-पिवळा असतो. तिच्या नावातच ही खूण आहे : लॅटिनमध्ये ‘ज्युलस’ म्हणजे लोंबता तुरा, आणि ‘ज्युलिफ्लोरा’ म्हणजे तसा फुलोरा असलेली. ओलोफ स्वार्ट्झ या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८८ मध्ये तिला हे विशेषण दिले.

६/ शेंगांनी निर्णय पक्का होतो. देशी बाभळीची शेंग करडी, दोन बियांमध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. वेडीची शेंग पिकल्यावर पिवळसर, गरयुक्त आणि गोड. तिच्या प्रसाराचे रहस्य या गोडव्यातच आहे.

७/ ती येथे आली कशी? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जळाऊ लाकडाची गरज वाढली होती आणि कोरड्या, उजाड जमिनीवर तग धरणारे झाड वसाहती वनखात्याला हवे होते. मद्रास इलाख्यातील वनाधिकारी कर्नल बेडोम यांनी १८७६ मध्ये या झाडाची शिफारस केली. पाठोपाठ कडप्पा जिल्ह्यातील कमलापुरम येथे त्याची लागवड झाली. १८७७ च्या सुमारास सिंधमध्येही ते पोहोचले.

८/ म्हणजेच १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद घेतली, तेव्हा त्याच्या दृष्टीस पडलेल्या रानात हे झाड असणे शक्यच नव्हते. आजचे छायाचित्र पाहून यादवकालीन लोणारची कल्पना करणाऱ्याने चित्रातून प्रथम हे झाड वगळावे.

९/ स्वागत मात्र थाटाचे झाले. जोधपूर संस्थानाने १९४० मध्ये या झाडाला ‘शाही’ दर्जा देऊन संरक्षण दिले. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकाच्या आरंभी वनविभागाने ते मुद्दाम लावले. पुढे गवताची जागा त्यानेच घेतली आणि कच्छी लोक त्याला ‘गांडो बावळ’ म्हणू लागले. गांडो म्हणजे वेडा. मराठी नावाचाही अर्थ तोच.

१०/ या ‘वेडा’मागे पद्धत आहे. पाने जनावरांना रुचत नाहीत, म्हणून रोप वाचते. शेंगा आवडीने खाल्ल्या जातात आणि टणक बिया शेणा-लेंड्यांतून दूरवर रुजतात. बुंधा तोडला तर खोडातून नवे फुटवे येतात.

११/ लोणार २००० मध्ये अभयारण्य झाले, २०२० मध्ये रामसर स्थळ. वेडी बाभूळ हटवण्याचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आला आणि वनविभागाने ते काम हाती घेतले. पेच दुहेरी आहे : वरवर तोडल्यास झाड पुन्हा वाढते, मुळासकट उपटल्यास विवराच्या उताराची माती मोकळी होते.

१२/ तिसरा धोका नजरेचा. ‘काटेरी झाड’ एवढ्याच ओळखीवर कुऱ्हाड चालली तर देशी बाभूळ आणि दसऱ्याला पुजली जाणारी शमीही त्यात जाईल. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी शमीला प्रोसोपिस कुळीतच ठेवले आणि वेडीला ‘नेल्टुमा’ या वेगळ्या कुळीत हलवले. नावातले नाते तुटायला जवळपास दोन शतके लागली. डहाळीवरचा काटा पेरावर आहे की मधल्या भागावर, हे पाहायला क्षणभर पुरतो. कुऱ्हाड उचलण्याआधी तेवढा क्षण थांबावे.