जय हरवला, बातमी उशिरा आली

१/४
नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ वाघ २०१३ मध्ये वैनगंगा ओलांडून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला आणि देशभर प्रसिद्ध झाला.

२/४
एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या रेडिओ कॉलरचे संकेत थांबले. तो बेपत्ता असल्याची बातमी मात्र सर्वदूर पोहोचली ती जुलैमध्ये. जय पुन्हा कधीच दिसला नाही.

३/४
एप्रिल २०१७ मध्ये त्याचा बछडा ‘श्रीनिवास’ नागभीड परिसरात शेतकुंपणातील विजेच्या धक्क्याने मेल्याचे उघड झाले.

४/४
नामवंत वाघाची चौकशी दिल्लीपर्यंत होते; निनावी वाघाची चौकशी करतो तो तालुक्याचा वार्ताहर. २०२० च्या महासाथीत अनेक वृत्तपत्रांनी पाने व स्थानिक आवृत्त्या घटवल्या. हा वार्ताहरही नाहीसा झाला, तर उद्याच्या इतिहासकाराहाती केवळ सरकारी नोंद उरेल.