सुपारीतला गोडवा आणि कायदा

शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ आग्रा महामार्ग मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात येतो. या रस्त्यावर गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या धुळे-जळगावकरांना नव्या नाहीत. चर्चा तंबाखूची होते. त्या पुडीतल्या गोडव्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

हा गोडवा सॅकरिनचा. डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करताना 1879 मध्ये फाहलबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला अमेरिकेत ते सापडले. साखरेच्या सुमारे 300 पट गोड, पोषण शून्य. आपल्याकडे 1954 चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आला आणि परवानगी नसलेल्या पदार्थात कृत्रिम गोडी घालणे गुन्हा ठरले. मुंबईतल्या एका व्यापाऱ्याच्या सुगंधी सुपारीत सॅकरिन आणि सायक्लामेट सापडले, तेव्हा ‘सुपारी हे अन्नच नव्हे’ असा बचाव झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर 1973 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी तो बचाव फेटाळला. माणसे सुपारी खातात, म्हणून ती अन्नच. आणि भेसळ माहीत नव्हती ही सबबही विक्रेत्याला चालणार नाही. इतका स्वच्छ निकाल क्वचित मिळतो.

पुढे नियमच सैल झाले. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या 2011 च्या नियमावलीत सॅकरिनची मर्यादा सोडायुक्त पेयांना दहा लाख भागांत 100, सुपारीला 4000 आणि पानमसाल्याला 8000. म्हणजे किलोभर पानमसाल्यात 8 ग्रॅम सॅकरिन, दोन किलोंहून अधिक साखरेचा गोडवा! चिमूटभर खायच्या वस्तूला मर्यादा मोठी असू शकते, हे मान्य. पण सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात सांगितले. तिचा तुरटपणा झाकणारी गोडी शाळकरी पोरांना टपरीकडे ओढते. वेष्टनावर मुलांसाठी इशारा छापायचा नियम आहे. आठवडी बाजारातल्या सुट्ट्या सुपारीला वेष्टनच नसते.

महाराष्ट्राने 2002 मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये ती रद्द केली. नव्या कायद्याच्या आधारे 2012 मध्ये ती पुन्हा आली, पुढच्या वर्षी सुगंधी सुपारीही तिच्यात आली. असा आदेश एका वर्षापुरताच काढता येतो, म्हणून दरवर्षी नवा काढावा लागतो. सॅकरिनची मर्यादा मात्र दिल्लीत ठरते. पानमसाल्याची ती सवलत तिथेच रद्द झाली पाहिजे. खानदेशातल्या पोरांसाठी एवढी मागणी आपल्या खासदारांनी संसदेत करावी.