म्हाताऱ्यांचे जहाज आणि आमचा तारवटी

२०१९ सालच्या जूनमधली गोष्ट. त्या वर्षी पाऊस उशिरा आला. उकाड्याने जीव नकोसा झाला होता आणि मी पंख्याखाली बसून टीव्हीवर इंग्लंडमधला एक सोहळा बघत होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या स्वारीला, म्हणजे ६ जून १९४४ च्या 'डी-डे'ला, पंचाहत्तर वर्षे झाली होती. राणी होती, अमेरिकेचे अध्यक्ष होते, भाषणे होती. ती मी अर्धवटच ऐकली. लक्ष गेले ते एका जहाजाकडे. 'बूडिका' त्याचे नाव. त्याच्या कठड्याला टेकून नव्वदी ओलांडलेले म्हातारे उभे होते, कोटावर पदकांच्या रांगा, काहीजण चाकाच्या खुर्चीत. किनाऱ्यावरचे लोक हात हलवत होते आणि हे आपले संकोचून हसत होते, एवढा गाजावाजा कशाला, असे म्हणावे तसे.

हे जहाज रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेने खास भाड्याने घेतले होते. अडीचशेच्या आसपास माजी सैनिक आणि सोबत त्यांची देखभाल करणारी माणसे. म्हाताऱ्यांना एक पैसाही पडला नाही. पैसा आला कुठून, तर बँकांनी व्याजदर ठरवताना जी लबाडी केली तिच्यापोटी सरकारने वसूल केलेल्या दंडातून. दंडाचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही. २ जूनला जहाज डोव्हरहून सुटले, डंकर्क आणि पूल करत पोर्टस्मथला आले, आणि ५ तारखेच्या संध्याकाळी तिथून नॉर्मंडीकडे निघाले. पंचाहत्तर वर्षांपूर्वी हीच खाडी याच माणसांनी रात्रीच्या अंधारात ओलांडली होती. त्या वेळी जहाजावर बिछाना नव्हता, जेवणाचे मेज नव्हते, आणि उद्या संध्याकाळी आपण असू की नाही हेही माहीत नव्हते.

मला त्या सफरीचे सगळ्यात आवडले ते हे, की त्यांना नुसते मिरवले नाही, बोलते केले. वार्ताहर समोर बसून ऐकत होते. आणि ते सांगत होते ते शौर्याचे नव्हतेच फारसे. सपाट तळाच्या होड्यांत लागलेली बोट, ओकाऱ्या, गार पाणी, शेजारी उभा असलेला मित्र जो वाळूपर्यंत पोचलाच नाही. यातल्या कित्येकांनी घरीसुद्धा हे अनेक वर्षे सांगितले नव्हते.

त्याआधी पाच वर्षे, २०१४ साली, बर्नार्ड जॉर्डन या ८९ वर्षांच्या माजी नौसैनिकाने तर कमालच केली होती. होव्ह गावच्या वृद्धाश्रमातून रेनकोटाखाली पदके लपवून तो बाहेर पडला आणि फेरीबोटीने सत्तराव्या स्मरणदिनासाठी थेट फ्रान्समध्ये पोचला. इकडे पोलीस शोधतायत! त्याच वर्षाच्या अखेरीस तो वारला. पुढे २०२३ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला. तेव्हा मायकेल केन स्वतःच नव्वदीचा होता. असो.

डी-डेच्या ताफ्यात जवळजवळ सात हजार लहानमोठी जहाजे होती, आणि त्यांतली ८६४ व्यापारी जहाजे होती. हा आकडा वाचला आणि मी थबकलो. सैनिक बंदूक चालवतो, पण जहाज कोण चालवतो? कोळसा कोण ओढतो, भात कोण शिजवतो, साहेबाच्या केबिनीत चहा कोण नेतो? ब्रिटिश व्यापारी जहाजांवर ही कामे करणाऱ्यांत हजारो माणसे हिंदुस्थानची होती. आणि खानसामा, बटलर, स्टुअर्ड म्हटले की आमचे गोंयकार. पी अँड ओ आणि बी. आय. या कंपन्यांच्या बोटींवर सलूनचे काम म्हणजे गोवेकरांचेच, असा रिवाजच होता. मुंबईला धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या कुडी होत्या, तिथे पेट्या टाकून हे लोक पुढच्या बोटीची वाट बघत. ब्रिटिश मुलखातून गेलेल्यांना निदान ब्रिटिश प्रजा म्हणून तरी मोजले असते. आमचा तारवटी पोर्तुगालची प्रजा, पोर्तुगाल युद्धात तटस्थ, आणि हा मरणार ब्रिटिश बोटीवर. त्याला आपला म्हणायला कोण पुढे येणार होते?

'तिलावा' हे नाव किती जणांनी ऐकले आहे? बी. आय. कंपनीची ही बोट नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईहून आफ्रिकेला निघाली. २३ तारखेच्या पहाटे सेशेल्सच्या बाजूला जपानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो मारला. लोक होड्यांत उतरले. बोट लगेच बुडत नाही असे बघून काहीजण परत वर चढले, आणि तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो बसला. २८० माणसे गेली. वाचलेल्यांना 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने २७ तारखेला मुंबईस आणले. बोटीवर २,३६४ चांदीच्या विटाही होत्या, दक्षिण आफ्रिकेच्या नाण्यांसाठी. त्या २०१७ साली समुद्राच्या तळातून काढल्या गेल्या आणि त्यांच्या मालकीचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. चांदीची वीट न् वीट मोजली गेली. बोटीवरच्या माणसांच्या कहाण्या मात्र त्यांच्या नातवंडांनाच शोधत फिरावे लागले.

अगदी काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. हिंदी नौदल आणि व्यापारी जहाजांवरच्या, समुद्रातच गेल्यामुळे कबर नसलेल्या सुमारे साडेसहा हजार खलाशांची नावे एका स्मृतिग्रंथात आहेत. त्याची एक प्रत मुंबईच्या सीमेन्स होममध्ये, दुसरी चितगावला. दगडात कोरलेली नव्हे, कागदावर. तेही मेलेल्यांची. जिवंत परतलेल्यांसाठी कोणी वही उघडली नाही.

आमच्या वाड्यावर असा एक होता. सगळे त्याला शापाय म्हणायचे, म्हणून आम्ही हिंदूंची पोरेही तेच म्हणायचो. बोटीवर कुक होता. त्याच्या हातचा कटलेट आम्ही आईला न सांगता खाल्लेला आहे. संध्याकाळी सोप्यावर बसून तो कधीतरी सुरू व्हायचा. "तीन राती होड्यार. उदक ना." तीन रात्री होडीत, पाणी नाही. एवढे बोलून तो दोन बोटे ओठांवर ठेवायचा आणि थांबायचा. आम्हा पोरांना ती त्याची नक्कल करायला आवडायची. मीही करायचो, इतरांपेक्षा चांगली. एकदा त्याने ती पाहिलीसुद्धा. रागावला नाही. आत गेला आणि त्यानंतर माझ्यासमोर ही गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

तो १९८० च्या दशकात गेला. 'बूडिका'वरचे म्हातारे पाहिल्यावर मी त्याच्या घरी गेलो. घर बंद, अंगणात माडाची झावळे पडलेली. नातू परदेशात. फोन लागला. त्याला मी शापायच्या नलीबद्दल विचारले. नली म्हणजे खलाशाची नोकरीची वही, कुठल्या बोटीवर कधी चढला नि कधी उतरला याची नोंद असलेली. ती मिळाली असती तर बोटीचे नाव कळले असते, आणि बोट कळली की बुडण्याची तारीख, जागा, सगळे निघते. नातू बिचारा भला माणूस. त्याने आठवून सांगितले, पत्र्याची ट्रंक होती, छप्पर गळायला लागल्यावर आतले कागद भिजून एकमेकांना चिकटले, मग आईने जाळले.

'बूडिका'ही आता नाही. १९७३ साली बांधलेले ते जहाज २०२१ मध्ये तुर्कस्तानात मोडीत काढले. पण त्यावर जे बोलले गेले ते टिपून ठेवलेले आहे. माझ्याकडे शापायचे एक वाक्य आहे, तेही नकलेमुळे पाठ झालेले. त्या होडीत त्याच्याबरोबर आणखी किती जण होते, हेसुद्धा मी कधी विचारले नाही.