टीव्हीचा इतिहास दुरुस्तीच्या वहीत शोधा

समजा तुम्हाला गुरुकुंज मोझरीत टीव्ही कसा पोचला यावर संशोधन करायचं आहे. कुठून सुरुवात कराल?

बहुतेक जण तारखांची यादी करतात. १९५९ मध्ये दिल्ली, १९७२ मध्ये मुंबई केंद्र, १९८२ मध्ये रंगीत चित्र, १९८७ मध्ये ‘रामायण’. यादी बरोबर आहे, पण ती दूरदर्शनची आहे, मोझरीची नाही.

मग सरकारी आकडे बघू. पूर्वी टीव्हीला परवाना लागायचा आणि त्याचे पैसे पोस्टात भरायचे. म्हणजे संचांची नोंद व्हायची. १९८५ च्या सुमारास परवाना रद्द झाला, लोक सुटले आणि नोंदही थांबली. पुढे थेट २००१ च्या जनगणनेत घरोघरी टीव्हीची विचारणा झाली. तेव्हा देशातल्या १८.९ टक्के ग्रामीण घरांत टीव्ही होता, २०११ मध्ये ३३.४ टक्के. मधल्या काळात नमुना-पाहण्या झाल्या, पण त्यातून एका गावाचं चित्र मिळत नाही. गंमत बघा, टीव्ही खेड्यात शिरला नेमक्या याच वर्षांत!

ही पोकळी कोण भरतं? दुरुस्तीवाला. त्याच्या वहीत गिऱ्हाइकाचं नाव, बिघाड, बदललेला पार्ट आणि उधारी असते. प्रत्येक पार्ट काहीतरी सांगतो. स्टॅबिलायझर वारंवार दिसला तर विजेच्या दाबाचा प्रश्न घ्या. बूस्टर आणि उंच पाइप दिसले तर सिग्नल कमजोर होता का, ते तपासा. लहान प्रक्षेपण केंद्राचा पल्ला साधारण पंधरा ते पंचवीस किलोमीटर, आणि मोझरी अमरावतीपासून तीस-पस्तीस किलोमीटर. म्हणून मुलाखतीत ‘टीव्ही कधी घेतला?’ एवढंच विचारून थांबू नका. विचारा, “काकाजी, तुमचा अँटिना कोणीकडे तोंड करून होता जी?” अमरावतीकडे की नागपूरकडे, या उत्तरातून गावाचा सिग्नल-नकाशा तयार होतो. वर्ष माणूस विसरतो. छपरावर चढून पाइप फिरवल्याचं सहसा विसरत नाही.

पिक्चर ट्यूब आणि एलओटी या पार्टांकडेही लक्ष द्या. ट्यूब महाग. ती बदलली की संच मोडीत काढला, यावरून घराची ऐपत कळते. दुकानातली विक्री एका दिवसाची असते, दुरुस्ती मात्र पुढची दहा-पंधरा वर्षं दाखवते.

एक सावधगिरी. वहीत बिघडलेलेच संच सापडतात, न बिघडलेले नाहीत. त्यामुळे वहीवरून गावातल्या संचांची संख्या ठरवू नका. मुलाखतींशी ताडून बघा. आणि उधारीची नावं प्रबंधात छापू नका.

पण उशीर करू नका. दूरदर्शनची बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपणं २०२२ पर्यंत बंद झाली. जुने संच भंगारात गेले, आता वह्या रद्दीत चालल्या आहेत. संग्रहालयात त्या कोणी ठेवणार नाही. आधी परवानगी घ्या, पानांचे फोटो काढा, मग सिद्धांत वाचा.